हिप्परग्याचे हेडमास्तर

स्वामी रामानंद तीर्थ हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी फक्त पाटीवर वाचलेलं असतं. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला त्यांचं नाव आहे. ज्यांचे मित्र तिकडे शिकतात त्यांनी ते मार्कशीटवरही पाहिलं असेल. पण मार्कशीट हातात आल्यावर वरचं नाव कोण वाचतं, नजर सरळ खालच्या आकड्यांवर जाते! शाळेच्या इतिहासात ते एका परिच्छेदापुरते येतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते, अंगावर भगवी वस्त्रे, तुरुंगवास, आणि पुढचा धडा सुरू. ते मूळचे मास्तर होते ही गोष्ट त्या परिच्छेदात नसते. १९२९ पासून १९३८ पर्यंत सलग नऊ वर्षे त्यांनी हेडमास्तरकी केली, आणि त्यातली पहिली शाळा आमच्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात होती. मला त्यांच्या आयुष्याचा हा भाग पुढच्या सगळ्या सत्याग्रहांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. का वाटतो ते सांगण्यासाठी हा लेख.

आमचा जिल्हा म्हणजे धाराशिव. मी वाशीची. होस्टेलवर वाशी म्हटलं की सगळ्या जणी लोकल ट्रेनचं विचारतात. ती वाशी वेगळी! आमची वाशी कळंब आणि भूमच्या मधली, बालाघाटच्या डोंगराळ मुलखातली. आमच्याकडे रेल्वेच नाही. १९४८ पर्यंत ही वाशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि जवळची बार्शी इंग्रजांच्या मुलखात. बाजारहाटाला, लग्नकार्याला लोक इकडून तिकडे जायचे आणि तेवढ्यात त्यांचं राज्य बदलायचं. बार्शीला कलदार रुपया चालायचा, इकडे निजामाचा हाली सिक्का. बार्शीला जिल्ह्याचा साहेब कलेक्टर, इकडे त्यालाच अव्वल तालुकदार म्हणायचे. कचेरीतले कागद उर्दूत, साल फसली. आमच्याकडच्या जुन्या घरांत पेटीच्या तळाशी अजूनही असे उर्दू कागद सापडतात. घरातल्या कुणालाच ते वाचता येत नाहीत, पण जमिनीचे आहेत म्हणून कुणी टाकूनही देत नाही.

या राज्यात तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास होते, मराठी बोलणारे साधारण चौथा हिस्सा आणि कानडी बोलणारे त्याहून कमी. उर्दू ज्यांची घरची भाषा होती असे लोक शंभरात दहा-बारा. पण वरच्या वर्गांचं शिक्षण, कोर्ट आणि नोकरी सगळं उर्दूतून. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथे इतिहास, विज्ञान, डॉक्टरकी आणि पुढे इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवत. त्यासाठी भाषांतराचं एक वेगळं खातंच होतं. हे वाचून मी चाट पडले. फ्लुइड मेकॅनिक्स आपल्या देशी भाषेत शिकवता येतं का यावर आपण आज कँटीनमध्ये वाद घालतो. निजामाच्या राज्यात ते ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी चालू होतं. म्हणजे कल्पना मोठी होती, यात शंका नाही. चूक एवढीच, की ती भाषा प्रजेतल्या बहुतेकांची नव्हती. मराठी घरातल्या पोराला पहिल्यांदा एक परकी भाषा शिकायची, मग त्या भाषेतून गणित. त्यामुळे बहुतेक पोरं शाळेकडे फिरकतच नसत. १९३१ च्या जनगणनेच्या वेळी संस्थानात लिहिता-वाचता येणारी माणसं शंभरात पाचाच्या आसपास होती.

लोकांनी स्वतः शाळा काढाव्यात म्हटलं तर तेही सोपं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही मोठ्या गावांत अशा शाळा निघाल्या होत्या. हैदराबादला विवेक वर्धिनी आणि गुलबर्ग्याला नूतन विद्यालय, दोन्ही १९०७ च्या; औरंगाबादला सरस्वती भुवन १९१५ ची. पण १९२० च्या दशकात खाजगी शाळांसाठी सरकारी परवानगी सक्तीची करणारा नियम आला आणि गावोगावच्या छोट्या शाळा पटापट बंद पडल्या. सभेलाही परवानगी लागायची. त्या हुकमाला गश्ती निशाण ५३ म्हणत. कीर्तन, नाटक, वाचनालयाचा वार्षिक समारंभ यांच्याकडेही पोलीस संशयानं बघत. अशा ठिकाणी शाळा हीच एक जागा उरते जिथे रोज पन्नास-शंभर माणसं एकत्र बसतात आणि कुणाला काही विचारता येत नाही. हे सरकारलाही कळत होतं आणि शाळा काढणाऱ्यांनाही.

आता मास्तरांकडे वळू.

त्यांचं मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीला, म्हणजे आजच्या कर्नाटकात. लहानपण गाणगापूरच्या बाजूला आणि हायस्कूल सोलापूरला. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक वारले, तेव्हा व्यंकटेश सोळा वर्षांचा होता. त्या दिवशी त्यानं लग्न न करण्याचा आणि देशाचं काम करण्याचा निश्चय केला. सोळाव्या वर्षी असे निश्चय पुष्कळ जण करतात, आमच्या विंगमध्ये तर दर सेमिस्टरला होतात. त्याचा टिकला. लगेच असहकाराची चळवळ आली, गांधीजींनी सरकारी शाळा सोडायला सांगितलं आणि यानं सोडली. मग अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत गेला, तिथून पुण्याला टिळक महाविद्यालयात. तिथे त्यानं लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहून एम. ए. पूर्ण केलं. लोकशाहीवर प्रबंध लिहिणारा हा मुलगा पुढे अशा राज्यात शिकवायला गेला जिथे सभा घ्यायलाही परवानगी लागत होती. हा योगायोग नसावा असं मला वाटतं.

शिक्षण संपल्यावर ते कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करू लागले. कामगार चळवळ, संप, कायदेमंडळातली कामं. तीच वाट धरली असती तर मुंबई-दिल्लीत एखादे मोठे कामगार नेते म्हणून ते ओळखले गेले असते. पण तब्येत साफ ढासळली, अर्धांगाचा त्रास झाला आणि ते काम सोडावं लागलं. त्यानंतर १९२९ साली हिप्परग्याच्या शाळेचं काम त्यांच्याकडे आलं.

हिप्परगा हे आज लोहारा तालुक्यातलं गाव. तिथे १९२१ साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली होती. राष्ट्रीय शाळा म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला थोडं सांगायला हवं, कारण आपल्याला राष्ट्रीय म्हटलं की राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीयीकृत बँक आठवते, म्हणजे सरकारी. तेव्हा अर्थ बरोबर उलटा होता. जी सरकारची नाही ती राष्ट्रीय! सरकारी अनुदान घ्यायचं नाही, सरकारी इन्स्पेक्टर नको, सरकारी परीक्षेसाठी मुलं तयार करायची नाहीत. महाराष्ट्रात याची सुरुवात बंगालच्या फाळणीच्या वेळी झाली. तळेगावचं समर्थ विद्यालय १९०६ चं, प्रा. विष्णू गोविंद विजापूरकरांनी चालवलेलं. ते इंग्रज सरकारनं १९१० साली बंद पाडलं. पुन्हा १९२०-२१ मध्ये असहकाराच्या लाटेत देशभर अशा शाळा निघाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा लाट ओसरल्यावर बंद झाल्या. त्याच आधी, १८८० साली, पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं होतं. तेही खाजगी, पण ते सरकारी परीक्षांच्या आतलं होतं आणि पुण्यासारख्या शहरात होतं. हिप्परग्याची शाळा ब्रिटिश हद्दीबाहेर, निजामी मुलखात, डांबरी सडकेपासूनही लांबच्या खेड्यात. म्हणजे सगळ्याच दृष्टीनं अवघड जागी.

आपल्याकडे अ‍ॅडमिशनच्या वेळी घरचे पहिला प्रश्न विचारतात, कॉलेजला मान्यता आहे ना? दुसरा, प्लेसमेंट काय? माझ्या बाबांनीही हेच दोन प्रश्न या क्रमानं विचारले होते. हिप्परग्याच्या शाळेकडे या दोन्ही प्रश्नांना उत्तर नव्हतं. तिथून शिकून बाहेर पडलेल्या मुलाला निजामाच्या कचेरीत साधी कारकुनी मिळण्याची शक्यता नव्हती. उलट त्या शाळेत होता हे कळलं तर पोलिसांच्या वहीत नाव जाण्याची भीती. तरीही आईबाप मुलांना पाठवत होते. दूरदूरच्या गावांतून आलेली मुलं तिथेच राहायची. याचं एक सरळ कारण म्हणजे मराठीतून वरचं शिक्षण देणाऱ्या शाळा संस्थानात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. दुसरं कारण मला असं वाटतं की ज्या घरात नोकरी मिळणारच नाही हे माहीत असतं, त्या घराला सर्टिफिकेटची भीती दाखवता येत नाही.

मुलं आणि मास्तर एकाच आवारात राहणार, हा या शाळांचा खरा स्वभाव. आपल्याकडे लेक्चर संपलं की सर स्टाफ क्वार्टर्सकडे आणि आपण मेसकडे. मध्ये एक रस्ता असतो, तो आपणही ओलांडत नाही आणि तेही ओलांडत नाहीत. (स्टाफनं रागावू नये, हे दोन्ही बाजूंनी आहे.) तिथे तसं नव्हतं. हेडमास्तर पहाटे किती वाजता उठतात, काय खातात, आजारी मुलापाशी रात्री बसतात की नाही, हे सगळं मुलांना दिसत होतं. राष्ट्रीय शाळेत सूतकताई, व्यायाम, गावातली कामं हा अभ्यासाचाच भाग असे. पण मुलांवर सगळ्यात जास्त परिणाम कशाचा झाला असेल तर तो समोर राहणाऱ्या माणसाचा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टर्सही शाळेच्या आवारातच राहायच्या, आणि धड्यातलं काही आठवत नसलं तरी त्या कशा राहायच्या ते मला अजून आठवतं. त्यामुळे हा मुद्दा मला पुस्तकात न वाचताही पटला असता.

हिप्परग्यात असतानाच व्यंकटेश खेडगीकरांनी संन्यास घेतला. नारायण तीर्थांकडून दीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. ही स्वामी रामतीर्थांची परंपरा. रामतीर्थ कोण, हे आपल्या कॉलेजला आवडेल असं आहे. ते लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते! गणित सोडून संन्यासी झाले, जपान-अमेरिकेत व्याख्यानं दिली आणि १९०६ साली तेहतिसाव्या वर्षी गंगेत बुडून गेले. (आमच्या वर्गातल्या काहींना एम-थ्रीच्या पेपरनंतर संन्यासाचे विचार येतात, पण ते वेगळ्या कारणानं.) सांगायचा मुद्दा असा की संन्यासी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मठ आणि जपमाळ येते. यांनी संन्यास घेतला आणि शाळाच चालवत राहिले. दीक्षा घेतलेला माणूस हेडमास्तरच्या खुर्चीवर बसून पाटी-पुस्तकाचा हिशेब बघतो, हे तेव्हाही लोकांना नवल वाटलं असणार. त्यांच्यासाठी भगव्या कपड्यांचा अर्थ साधा होता. घर नाही, बायकामुलं नाहीत, इस्टेट नाही, म्हणजे कुणाला धरून धमकावायला सरकारच्या हातात काही नाही.

सहा वर्षं त्यांनी हिप्परग्याला काढली. १९३५ साली ते अंबाजोगाईला आले. सरकारी दप्तरात तेव्हा गावाचं नाव मोमिनाबाद. निजामाच्या फौजेची छावणी तिथे, आणि योगेश्वरीचं देऊळ, मुकुंदराज आणि दासोपंतांच्या समाध्याही तिथेच. वाशीहून कळंब, केज करत गेलं की अंबाजोगाई लागतं. आमच्याकडचे लोक आजही दवाखान्यासाठी तिकडे जातात. तिथल्या योगेश्वरी नूतन विद्यालयाचे ते मुख्याध्यापक झाले. बाबासाहेब परांजपे तिथे त्यांचे सहकारी. हिप्परग्याचं मला जरा वाईट वाटतं. एखादं लहान गाव जीव लावून एक गोष्ट उभी करतं आणि तिचं चांगलं चाललं की ती मोठ्या गावाला जाते, हे आमच्या भागात सगळ्याच बाबतीत घडतं. पण काम वाढवायचं तर खेड्यातून बाहेर पडणं भाग होतं, हेही खरं. अंबाजोगाईत मुलं जास्त आली, आसपासच्या तालुक्यांतली आली आणि शाळा नावारूपाला आली. योगेश्वरी शिक्षण संस्था आजही तिथे आहे.

तीन वर्षांनी त्यांनी ही शाळासुद्धा सोडली, आणि माझ्या मते हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड निर्णय. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं होतं. गोविंदराव नानल अध्यक्ष होते. संस्थानातल्या मराठी लोकांची ही पहिली मोठी संघटना. मागण्या अगदी मवाळ : शिक्षण मातृभाषेतून द्या, सभांवरचे निर्बंध काढा, जबाबदार राज्यपद्धती आणा. दुसरं अधिवेशन १९३८ साली लातूरला झालं, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. तिथे स्वामीजी सरचिटणीस झाले. आता दोन गोष्टी एकत्र चालणं शक्य नव्हतं. परिषदेचा सरचिटणीस शाळेचा हेडमास्तर राहिला तर सरकार उद्या शाळेला कुलूप लावणार आणि भोगणार मुलं. शाळेत राहायचं तर बाहेर जे चाललंय त्यावर तोंड बंद ठेवायचं. नऊ वर्षं मुलांना सांगितलं की भिऊ नका, आणि स्वतः मात्र शाळा वाचवण्यासाठी गप्प बसायचं? त्यांनी राजीनामा दिला आणि हैदराबादला गेले. काही जण म्हणतील की यात अवघड काय, मोठं पद मिळालं! पण तेव्हा त्या पदाबरोबर येणारी एकच सोय म्हणजे तुरुंगातली कोठडी होती. मागे राहिलेली शाळा इतरांनी सांभाळली म्हणून ती वाचली.

पुढचं सगळं झपाट्यानं घडलं. १९३८ मध्येच हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करायचं ठरलं आणि ती नीट जन्माला यायच्या आतच सप्टेंबरमध्ये सरकारनं तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत गोविंदराव नानल होते, आणि त्यानंतर लगेच स्वामीजींनी सत्याग्रह केला. त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

ते आत असतानाच जे घडलं ते आपण होस्टेलवाल्यांनी तर वाचलंच पाहिजे. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलं प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणत होती. ते म्हणायचं नाही असा हुकूम निघाला. मुलांनी ऐकलं नाही. मग हैदराबादला उस्मानियाच्या होस्टेलमध्ये तेच झालं, मग गुलबर्गा आणि इतर गावं. आधी मेस बंद, मग होस्टेल बंद, मग कॉलेजातून नावं काढली. शेकडो मुलांची नावं काढली. जरा विचार करा, लास्ट इयरला आहात, घरून उसने पैसे काढून पाठवलेत आणि एका गाण्यावरून नाव काढलं! माफीपत्र लिहून दिलं की परत घेणार होते. बऱ्याच जणांनी लिहून दिलं नाही. अशा मुलांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला म्हणून त्यांची वर्षं वाचली. उस्मानियातून बाहेर पडलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते, जे १९९१ साली पंतप्रधान झाले. या मुलांतून स्टेट काँग्रेसला कार्यकर्ते मिळाले आणि नरसिंह राव तर शेवटपर्यंत स्वामीजींना आपलं गुरू मानत. म्हणजे शाळा सोडलेल्या हेडमास्तरला तुरुंगात बसून नवे विद्यार्थी मिळाले.

तो सत्याग्रह डिसेंबर १९३८ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यावरून थांबवला गेला. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभेचाही सत्याग्रह संस्थानात चालू होता आणि दोन्ही एकच आहेत असा समज होत होता. स्टेट काँग्रेसची लढाई निजामाच्या एकतंत्री कारभाराशी होती, मुसलमानांशी नव्हती. स्वामीजी अंगावर भगवं घालत असल्यामुळे हा फरक त्यांना आयुष्यभर पुन्हा पुन्हा सांगावा लागला. सरकारचं म्हणणं होतं की नावातला काँग्रेस शब्द काढा, बंदी उठवतो. त्यांनी काढला नाही. बंदी आठ वर्षं राहिली. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रह आणि पुन्हा तुरुंग, १९४२ साली चले जाव आणि पुन्हा तुरुंग. १९४६ मध्ये बंदी उठली आणि पुढे स्टेट काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

१५ ऑगस्ट १९४७ ला सगळा देश झेंडे लावत होता. निजामानं भारतात यायला नकार दिला होता आणि स्वामीजींना त्याच दिवशी अटक झाली. नोव्हेंबरमध्ये जैसे थे करार झाल्यावर सुटले, आणि २६ जानेवारी १९४८ ला पुन्हा पकडले गेले. बाहेर रझाकारांचं राज्य सुरू झालं होतं. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातूरला वकिली करत असे. एकाच जिल्ह्यानं त्या दहा वर्षांत काय काय पाहिलं! हैदराबादला शोएबुल्ला खान या तरुण संपादकानं आपल्या उर्दू पत्रातून भारतात सामील व्हावं असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा भररस्त्यात खून झाला. स्टेट काँग्रेसनं हद्दीच्या पलीकडे, बार्शी-सोलापूरच्या बाजूला सशस्त्र कॅम्प उभे केले होते. स्वामीजी आत असल्यामुळे त्याचं काम दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ वगैरे मंडळींनी पाहिलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी हा काळ पळापळ या एका शब्दात साठवून ठेवला आहे. पळापळीत कोण कुठे राहिलं, कुणाची म्हैस दावणीलाच राहिली, कोण बार्शीला कुणाच्या ओसरीवर महिनाभर झोपलं, याच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या आहेत.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत आली. पाच दिवसांत सगळं संपलं. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती दिली आणि स्वामीजी सुटले. दर वर्षी १७ सप्टेंबरला आमच्या गावी झेंडावंदन असतं. इतर जिल्ह्यांतल्या मैत्रिणींना हे पटत नाही, त्यांना वाटतं मी एक जास्तीची सुट्टी मागते आहे.

त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडलं ते झेंडावंदनाच्या भाषणात कुणी बोलत नाही. रझाकारांचा सूड अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर काढला गेला. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली होती. सगळ्यात जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबाद, म्हणजे आमचा जिल्हा, धरला होता. हा अहवाल २०१३ मध्ये लोकांना वाचायला मिळाला. पळापळीच्या गोष्टी सांगणाऱ्या आमच्या घरांत हा भाग सांगितला जात नाही. माणसाला माणूस म्हणून वागवायला शिकवणाऱ्या शाळा तेव्हा अजून पाच-पन्नास जास्त असत्या तर, असं मनात येतं.

राज्य मिळाल्यावर स्वामीजींना सत्ता मिळाली का? नाही. स्टेट काँग्रेसमध्ये गट होते आणि ते वाढत गेले. जुने सहकारीही वेगळ्या वाटांनी गेले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत स्वामीजी काँग्रेसतर्फे गुलबर्ग्याहून लोकसभेवर गेले, आणि अंबाजोगाईच्या शाळेतले त्यांचे सहकारी परांजपे विरोधी आघाडीतर्फे बीडहून. दोघे एकाच शाळेतले आणि एकाच सभागृहात समोरासमोर! १९५७ ला स्वामीजी औरंगाबादहून निवडून आले. हैदराबादचे भाषेप्रमाणे तीन भाग करावेत, मराठवाडा मराठी मुलखात जावा, हा त्यांचा आग्रह होता. १ नोव्हेंबर १९५६ ला ते झालं. कर्नाटकात जन्मलेल्या, आणि ज्याचं स्वतःचं काम हैदराबाद शहरात होतं अशा माणसानं आपल्याच पायाखालचं राज्य मोडायला सांगितलं. यात त्यांचं राजकीय नुकसानच झालं, कारण तीन तुकडे झाल्यावर त्यांना आपला म्हणणारा एकही तुकडा पूर्ण उरला नाही.

शाळा मात्र सुटली नाही. १९५० साली नांदेडला त्यांच्या पुढाकारानं नांदेड एज्युकेशन सोसायटी आणि पीपल्स कॉलेज सुरू झालं. नरहर कुरुंदकर पुढे तिथेच प्राचार्य होते. त्यापूर्वी मराठवाड्यातल्या मुलाला डिग्रीसाठी हैदराबाद, नाहीतर पुणे-नागपूर गाठावं लागायचं. हिप्परग्याला सर्टिफिकेट नसलेली शाळा चालवणाऱ्यानं वीस वर्षांनी डिग्री देणारं कॉलेज काढलं, यात मला विरोध दिसत नाही. परक्या सरकारचा शिक्का नको होता, शिक्का या वस्तूशी भांडण नव्हतं.

साठीच्या जवळ आल्यावर त्यांनी निवडणुकांचं राजकारण सोडलं. खादीचं काम, ग्रामीण शिक्षण आणि लेखन करत हैदराबादलाच राहिले. १९६७ साली त्यांनी मुक्तिलढ्याच्या आठवणी इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केल्या. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादला ते वारले, तेव्हा वय अडुसष्ट होतं. समाधी बेगमपेठेत आहे. नांदेडचं विद्यापीठ त्यानंतर बावीस वर्षांनी, १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं.